जुन्या डिझेल पिकअपमध्ये रात्रीच्या वेळी बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो : कारण कसे शोधावे?

आळेफाटा_मालवाहू

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ सालची डिझेल पिकअप आहे. हंगामात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून मी माळशेज घाटाने कल्याणकडे आणि तिथून वाशीला जातो. बहुतेक प्रवास रात्रीचाच असतो. गेल्या काही आठवड्यांपासून डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्याने घोर लावला आहे. चावी फिरवल्यावर तो नेहमीसारखा ठळक लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, म्हणजे इथपर्यंत सारे ठीक दिसते. मात्र अंधार पडल्यावर हेडलाइट लावले, पावसामुळे वायपर सुरू केला आणि काचेवरचा दमटपणा घालवण्यासाठी ब्लोअर चालू केला, की तोच दिवा अगदी मंद, तांबूस दिसू लागतो. एक्सिलरेटर दाबल्यावर तो विझायला हवा असे मला वाटत होते, पण उलट तो किंचित वाढतो. दिवसा डॅशबोर्डवर हाताचा आडोसा करून पाहिले तरी काही दिसत नाही.

बॅटरी जुनी झाली होती म्हणून ती नवी बसवली, तरी फरक पडला नाही. एका गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा अल्टरनेटर (बेल्टने फिरून वीज निर्माण करणारा भाग) गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. परंतु त्यांनी मल्टिमीटर लावून काहीही मोजले नाही. खर्च करायला माझी ना नाही, पण दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय सुटा भाग बदलणे मनाला पटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

सह्याद्री_चालक

प्रथम बेल्ट पाहा. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली गेला पाहिजे. त्याहून जास्त जात असेल तर तो भार पडल्यावर घसरतो आणि चार्जिंग कमी होते. बेल्ट व्यवस्थित असेल तर आमच्याकडचे जुने मिस्त्री एक परीक्षा करत असत : इंजिन चालू ठेवून बॅटरीचे एक टर्मिनल काढायचे. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर चांगला आहे.

विद्युत_कारागीर

बेल्टची सूचना योग्य आहे, पण टर्मिनल काढण्याची परीक्षा कृपया कोणीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. अल्टरनेटर भाराखाली चालू असताना बॅटरी अचानक सुटली, तर त्याच्या गुंडाळीत साठलेल्या ऊर्जेला जायला जागा उरत नाही आणि क्षणभर साठ-सत्तर व्होल्टांच्याही पुढचा दाब निर्माण होऊ शकतो. त्यात कटआउट (अल्टरनेटरचा दाब ठरावीक मर्यादेत राखणारा रेग्युलेटर), अल्टरनेटरमधले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि गाडीतले इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. डायनामोच्या काळात ही परीक्षा खपून गेली असेल, अल्टरनेटरच्या गाडीत मात्र ती चांगला भाग बिघडवणारी ठरते. शिवाय जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात ज्वलनासाठी ठिणगी लागत नाही, त्यामुळे विजेचा पुरवठा नीट नसला तरी इंजिन बऱ्याचदा चालू राहते आणि परीक्षेचा निष्कर्षही चुकीचा निघतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा दिवा कसा जोडलेला असतो हे समजले की निम्मे उत्तर तिथेच मिळते. दिव्याच्या एका टोकाला चावीच्या स्विचमधून, म्हणजे शेवटी बॅटरीकडून, पुरवठा येतो. दुसरे टोक अल्टरनेटरच्या डी प्लस या टर्मिनलला जाते. काही अल्टरनेटरांवर त्याला एल असे लिहिलेले असते. इंजिन बंद असताना डी प्लस जवळजवळ शून्यावर असते, म्हणून चावी फिरवताच दिव्यातून प्रवाह वाहतो, दिवा ठळक लागतो आणि तोच प्रवाह अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, सुरुवातीचे चुंबकत्व देतो. अल्टरनेटर फिरून वीज निर्माण करू लागला की डी प्लसचा दाब बॅटरीच्या दाबाइतका होतो. दोन्ही टोकांना सारखाच दाब असल्यामुळे प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो.

दिवा ठळक लागत असेल तर अल्टरनेटर वीज देत नाही असे समजावे. पण तो मंद लागत असेल, तर दोन टोकांच्या दाबांत एक-दोन व्होल्टांचा फरक आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. हा फरक अल्टरनेटरच्या आत एखादा डायोड गेल्यामुळे पडू शकतो, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या जाड तारेत अडथळा असल्यामुळे पडू शकतो, किंवा बॅटरीकडून दिव्यापर्यंत येणाऱ्या वाटेवर, म्हणजे चावीचा स्विच, फ्यूज आणि कपलर यांत कुठेतरी पडू शकतो. एक्सिलरेटर दाबल्यावर दिवा वाढतो हे आपण नोंदवले ते फार उपयोगाचे आहे. त्यावरून मला अल्टरनेटरच्या आतल्या दोषापेक्षा तारेवर जास्त संशय येतो, कारण फेरे वाढले की त्या तारेतून जाणारा प्रवाह वाढतो आणि अडथळ्यावरचा दाबही त्याबरोबर वाढतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून पुढील मोजण्या घ्याव्यात. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधला दाब मोजावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत तो १२.६ च्या आसपास असतो. नंतर इंजिन सुरू करून सर्व भार बंद ठेवून तोच दाब पाहावा. त्यानंतर हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू करून, कोणाला तरी एक्सिलरेटर साधारण २००० फेऱ्यांवर धरायला सांगून तो दाब पुन्हा मोजावा, आणि त्याच स्थितीत मल्टिमीटरची लाल तार अल्टरनेटरच्या जाड बी प्लस बोल्टवर (जिथून बॅटरीकडे जाणारी जाड तार निघते) व काळी तार बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर ठेवून येणारा आकडा लिहावा. ही शेवटची मोजणी सर्वांत महत्त्वाची आहे. चांगल्या गाडीत ती ०.३ व्होल्टपेक्षा कमी असते. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे मायनस टर्मिनल यांच्यातही अशीच मोजणी करावी, तिथे ०.२ च्या आत आकडा यायला हवा. तारा, मनगटातले कडे आणि शर्टाची बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

डिझेल_फिटर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मला त्यात एक गोष्ट जोडायची आहे आणि घाटातून माल नेणाऱ्या माणसाने ती अवश्य वाचावी.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे हवा आत येण्याच्या वाटेत निर्वात दाब (व्हॅक्युम) तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, त्यावर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात तसा दाब मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप द्यावा लागतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल पिकअप आणि जीपगाड्यांमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंग जाते, इंजिनाचे पाणी फिरायचे थांबते आणि ब्रेकचा बूस्टरही निकामी होऊ लागतो, आणि या तिन्हींची खबर देणारा पहिला दिवा हाच बॅटरीचा लाल दिवा असतो. कितीतरी चालक हा दिवा लागल्यावर बॅटरीवर घरापर्यंत जाऊ, असे म्हणून गाडी पुढे काढतात. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत ते निभावते, माळशेज उतरताना भरलेल्या गाडीत निभावणार नाही.

चालू गाडीत दिवा एकाएकी ठळक लागला तर बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्युम दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच असतो. पेडल वारंवार मारून तो संपवू नये. गिअर खाली घेऊन इंजिनावर वेग आवरावा, एकदाच ठाम ब्रेक दाबून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करून बेल्ट पाहावा. व्हॅक्युम संपल्यावरही ब्रेक लागतात, परंतु पेडलवर नेहमीच्या कित्येक पट जोर द्यावा लागतो आणि ज्याला याची कल्पना नाही तो त्या क्षणी गोंधळतो.

आपला दिवा मंद आहे, त्यामुळे आज तसा धोका दिसत नाही. तरी बूस्टर तपासून घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबा, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पायाखालचे पेडल आपोआप थोडे खाली गेले पाहिजे. ते गेले नाही, तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी एकात दोष आहे.

आळेफाटा_मालवाहू

तिघांचेही मनापासून आभार. बेल्ट योग्य ताणाचा आहे आणि त्याला भेगाही नाहीत. ब्रेकची परीक्षा केली. इंजिन सुरू होताच पेडल स्पष्टपणे खाली गेले.

मोजण्या अशा आहेत. सकाळी उभ्या गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट. इंजिन सुरू, भार बंद, तेव्हा बॅटरीवर १३.९. सर्व भार लावून २००० फेऱ्यांच्या आसपास बॅटरीवर १३.१. त्याच स्थितीत बी प्लस बोल्ट ते बॅटरी प्लस हा आकडा १.२ आला. मला तो चुकीचा वाटला म्हणून तारा बदलून पुन्हा घेतला, तरी तेवढाच आला. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी मायनस मात्र ०.१ आहे.

विद्युत_कारागीर

आकडा चुकीचा नाही, दोष तिथेच आहे. बॅटरीवर १३.१ आणि त्यात १.२ मिळवले की अल्टरनेटरच्या तोंडाशी १४.३ व्होल्ट येतात, म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करत आहे. कटआउट आपला दाब अल्टरनेटरच्या बाजूने पाहते, म्हणून ते तिथे १४.३ राखून समाधानी आहे. बॅटरीपर्यंत ते पोहोचत नाही हे त्याला कळत नाही. दिव्याच्या एका टोकाला बॅटरीकडचे कमी व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचे १४.३ असल्यामुळे प्रवाह उलट्या दिशेने वाहतो आणि तारेचा (फिलामेंटचा) बल्ब मंद उजळतो.

याला क्षुल्लक दोष समजू नये. हेडलाइटच्या दोन ५५ वॅटच्या बाजू, मागचे-पुढचे पार्किंगचे बल्ब, वायपर आणि ब्लोअर मिळून साधारण ३०० वॅटचा भार होतो, म्हणजे २० अँपिअरच्या वर, आणि बॅटरीकडे जाणारा प्रवाह धरला तर २५ च्या आसपास. २५ अँपिअर आणि १.२ व्होल्ट यांचा गुणाकार ३० वॅट होतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटचे असते. तेवढी उष्णता तुमच्या गाडीत एखाद्या लगमध्ये (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत) किंवा जोडावर, प्लास्टिकच्या आवरणाला चिकटून, रात्रभर निर्माण होत आहे. बॅटरीही कधीच पूर्ण भरत नसणार, सकाळचा १२.५ हा आकडा नव्या बॅटरीला थोडा कमीच आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टर्मिनल काढा. बी प्लस बोल्टवर इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीचा पुरवठा असतो. तिथे पाना लावताना त्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले तर मोठी ठिणगी पडते आणि हात भाजतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची तार हाताने चाचपत जा. जिथे आवरण कडक, तपकिरी किंवा फुगलेले लागेल तिथे थांबा.

रोपवाटिका_जुन्नर

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारते. आमच्या जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डमधले सगळे बल्ब काढून एलईडी बसवून घेतले. तेव्हापासून सकाळी गाडी सुरू केल्यावर चार्जिंग होत नाही. जोरात एक्सिलरेटर दिला की सुरू होते आणि मग दिवसभर ठीक चालते. हे त्या दिव्यामुळे असू शकते का?

विद्युत_कारागीर

होय ताई, बहुधा त्यामुळेच. वर लिहिल्याप्रमाणे बॅटरीच्या दिव्यातून वाहणारा प्रवाह रोटरला पहिले चुंबकत्व देतो. तारेच्या बल्बमधून सुमारे ०.२ अँपिअर मिळतो, तर एलईडीतून त्याचा अगदी छोटा अंश. मग अल्टरनेटर रोटरमध्ये उरलेल्या नैसर्गिक चुंबकत्वावर अवलंबून राहतो आणि जास्त फेऱ्यांशिवाय जागा होत नाही. इतर जागी एलईडी राहू द्या, बॅटरीच्या दिव्याला मात्र मूळ वॅटचा तारेचा बल्ब बसवा. ते शक्य नसेल तर त्या एलईडीला समांतर ५० ओहमच्या आसपासचा ५ वॅटचा रेझिस्टर जाणत्या वायरमनकडून लावून घ्या. आणखी एक : आळेफाट्याच्या दादांच्या गाडीत एलईडी असता तर उलट्या दिशेच्या प्रवाहाने तो पेटलाच नसता आणि तारेतला दोष लपून राहिला असता.

आळेफाटा_मालवाहू

दोष सापडला. गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मदतीने तार मोकळी केली. अल्टरनेटरकडचा लग वरून बरा दिसत होता, पण त्यावरची रबरी टोपी मागे सरकवल्यावर तार जिथे लगमध्ये दाबलेली असते तिथे हिरवट बुरशीसारखा थर होता आणि बोटाने हलवताच निम्मे तांब्याचे धागे तुटून हातात आले. त्याच्या वर बोटभर अंतरापर्यंत आवरण भाजून ठिसूळ झाले होते. उरलेले धागेही आत काळे पडलेले असल्यामुळे तुकडा कापून पुन्हा जोडण्याऐवजी संपूर्ण तार बदलली. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, कल्हई केलेले लग यंत्राने दाबून बसवले आणि मूळ फ्यूजिबल लिंक (जास्त प्रवाह गेला तर वितळून तुटणारा तारेचा तुकडा) जागेवर तशीच ठेवली. इलेक्ट्रिशियन ती वगळून सरळ जोड द्यायला तयार होते, पण मी नको म्हटले.

आता पूर्ण भारावर बी प्लस ते बॅटरी ०.१५ व्होल्ट येतात आणि बॅटरीवर १४.१ मिळतात. हेडलाइटचा उजेडही स्पष्ट वाढला आहे. मात्र एक शंका राहिली आहे. ब्लोअर शेवटच्या वेगावर ठेवला आणि बाहेर पूर्ण अंधार असला की दिव्यात अजूनही अगदी पुसट तांबडेपणा दिसतो. ब्लोअर बंद केला की तो जातो. दुसरे असे की अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला तेलकट काळा थर आहे. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

सह्याद्री_चालक

फ्यूजिबल लिंक ठेवलीत हे फार योग्य केले. ती वगळली आणि उद्या तार बॉडीला घासून शॉर्ट झाली तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या तारेतून जातो आणि गाडी पेट घेऊ शकते. टर्मिनल काढण्याच्या परीक्षेबद्दल वर जे स्पष्टीकरण आले तेही पटले. आमच्या मिस्त्रींना ते वाचून दाखवले आहे.

विद्युत_कारागीर

उरलेला पुसट उजेड दिव्याच्या दुसऱ्या वाटेवरचा आहे. अनेक जुन्या गाड्यांत ब्लोअरचा आणि डॅशबोर्डचा पुरवठा चावीच्या स्विचच्या एकाच संपर्कातून जातो. ब्लोअर पूर्ण वेगावर सात-आठ अँपिअर ओढतो, संपर्क झिजलेला असेल तर तिथे दाब पडतो आणि दिव्याच्या बॅटरीकडच्या टोकाला कमी व्होल्ट मिळतात. बॅटरी प्लस आणि डॅशबोर्डच्या फ्यूजचे पुरवठ्याकडचे टोक यांच्यातला फरक, ब्लोअर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत मोजा. फ्यूज काढून त्याच्या पितळी पकडीही पाहा. एखादी तपकिरी झालेली किंवा सैल असेल तर संशय तिच्यावर धरा.

डिझेल_फिटर

तेलकट थराचा त्या उजेडाशी संबंध नाही, पण त्याकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या मते आता या गाडीतले सर्वांत तातडीचे काम तेच आहे. व्हॅक्युम पंपाला वंगणासाठी इंजिनाचे ऑइल बारीक नळीतून दिले जाते आणि ते जाड नळीतून इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत, म्हणजे संपमध्ये, परत येते. परतीची नळी वाकली, चेपली किंवा आतून फुगली की ऑइल पंपात साठते आणि शाफ्टचा सील ओलांडून अल्टरनेटरमध्ये शिरते. तिथे कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा चिकट लेप तयार होतो, कार्बन (रोटरला वीज पोहोचवणारे ब्रश) अडकतात, रोटरवरच्या स्लिप रिंगवर नीट टेकत नाहीत आणि मग खरोखरच चार्जिंग जाते. नळी बाहेरून गळत असेल तर इंजिनाचे ऑइलही कमी होत राहते. आधी डिपस्टिक पाहा, मग थर पुसून काढा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि ताजे ऑइल कुठून येते ते टॉर्चने पाहा.

आळेफाटा_मालवाहू

दोन्ही कामे केली. फ्यूजच्या टोकाला ब्लोअर बंद असताना ०.२ आणि चालू असताना ०.८ व्होल्टचा फरक आला. फ्यूजची एक पकड तपकिरी आणि सैल होती. ती बदलल्यावर फरक ०.५ झाला. उरलेला फरक चावीच्या स्विचमध्ये आहे असे दिसते, म्हणून ब्लोअरला वेगळा रिले आणि स्वतंत्र फ्यूज देऊन त्याचा पुरवठा थेट बॅटरीकडून घेतला; चावीच्या स्विचवर आता फक्त रिलेचा भार आहे. त्यानंतर पूर्ण अंधारात सर्व भार लावून पाहिले, दिवा संपूर्ण विझलेला राहतो.

ऑइल डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या जवळ होते, ते पुरे केले. गळती परतीच्या नळीच्या वरच्या टोकाला आहे. नळी बोटांत दाबली तर स्पंजासारखी मऊ लागते. इथल्या दुकानात रेडिएटरची पाण्याची नळी त्याच मापात मिळते. ती चालेल का?

डिझेल_फिटर

नाही, पाण्याची नळी अजिबात लावू नका. ते रबर गरम ऑइलात फुगते, आतून सुटते आणि तुमची आत्ताची नळीही कोणीतरी पूर्वी तशीच लावलेली असण्याची शक्यता आहे. ऑइलसाठीची, नायट्राइल रबराची नळी मागून घ्या. डिझेल पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ती मिळते. लांबी मूळ नळीइतकीच ठेवा, कारण जास्त लांब घेतली तर ती मधे झोळ घेते आणि ऑइल तिथे साठते. दोन्ही टोकांना नव्या क्लिपा लावा, नळी एक्झॉस्टपासून लांब बांधा आणि अल्टरनेटर उतरवलेलाच असेल तर कार्बन व स्लिप रिंग स्वच्छ करून सीलही त्याच वेळी बदलून घ्या. पुन्हा जोडल्यावर, माल भरण्यापूर्वी, ब्रेकच्या पेडलची ती परीक्षा परत करा.